तयार इंजिन आणू की स्वतः बांधू?

प्रश्न : नमस्कार. माझ्याकडे सत्तरच्या दशकातली एक रिअर व्हील ड्राइव्ह गाडी आहे. तिच्यात शेव्हरलेचं ३५० घनइंची, म्हणजे ५.७ लिटरचं, कार्ब्युरेटरवालं व्ही-८ इंजिन आणि चार गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स आहे. इंजिन गाडीचं मूळचं नाही, आधीच्या मालकानं कधीतरी बदललेलं आहे. सकाळी पहिला सेल मारला की निळा धूर येतो, ऑइल खातं आणि तापल्यावर ऑइल प्रेशर उतरतं. मला ४०० हॉर्सपॉवर हवी आहे. वापर म्हणजे सुट्टीचा फेरफटका आणि वर्षातून काही वेळा ट्रॅक. मित्र म्हणतो, क्रेट इंजिन, म्हणजे खोक्यातून येणारं तयार इंजिन, आण, बसव आणि मोकळा हो. काका म्हणतात, विकतच्या इंजिनात कसलं आलंय कौतुक, आपल्या हातानं बांध, निम्म्या पैशात होईल. क्लच, ब्रेक, हेड गॅस्केट ही कामं मी स्वतः केली आहेत, पण ऑइल चेंबर (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) उतरवून क्रँकला, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याला, कधी हात लावलेला नाही. ट्रॅकचा पुढचा हंगाम चुकवायचा नाहीये. काय करू? आणि जुन्या इंजिनाचं काय करू?

– धुराला कंटाळलेला

उत्तर : काका आणि मित्र दोघंही थेट औषधावर आले आहेत. रोग्याची नाडी अजून कुणीच बघितलेली नाही, ती आधी बघू.

तुमच्या पत्रातलं ‘सकाळी पहिला सेल मारला की’ हे शब्द मी पुन्हा वाचले. धूर तेवढ्यापुरताच येऊन विरत असेल, तर माझा पहिला संशय पिस्टनच्या रिंगांवर जाणार नाही, व्हॉल्व्हच्या सीलवर जाईल. गाडी रात्रभर उभी असताना हेडमधलं ऑइल व्हॉल्व्हच्या दांड्यावरून झिरपत खाली येतं आणि सकाळी जळतं. सील बदलणं हे हेड न उतरवताही होणारं काम आहे. म्हणून कुठल्याही कॅटलॉगचं पान उलटण्याआधी इंजिन गरम करा, आठही प्लग काढा, थ्रॉटल पूर्ण उघडं ठेवा आणि एकेका सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आत चढणारा दाब, मोजा. आकडा किती आला यापेक्षा आठ आकडे एकमेकांच्या किती जवळ आहेत ते बघायचं. सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या आकड्यात दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त अंतर पडलं, तर कमी आलेल्या सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा आणि बोअर (सिलिंडरचं भोक) झिजलेत, तसाच राहिला तर व्हॉल्व्हकडे किंवा गॅस्केटकडे बघा. लीकडाऊनचं गेज कुणाकडून मिळालं तर फारच उत्तम. सिलिंडरमध्ये हवा भरायची आणि ती कुठून पळते ते ऐकायचं. कार्ब्युरेटरमधून फुसफुसली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइल भरायच्या तोंडातून आली तर रिंगा. रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले तर हेड गॅस्केट गेलं आहे किंवा कुठेतरी तडा आहे.

ऑइल प्रेशरचं मात्र मला खरंच काळजीचं वाटतं. दर हजार आरपीएमला साधारण १० पीएसआय (दाबाचं एकक) हा या इंजिनांसाठी जुना ठोकताळा आहे. डॅशबोर्डवरच्या गेजवर जाऊ नका, मेकॅनिकल गेज जोडून तापलेल्या इंजिनावर बघा. तरीही प्रेशर पडत असेल, तर बहुधा बेअरिंगमधली फट वाढली आहे. त्या अवस्थेत ट्रॅकवर जाऊन रेस दिलीत तर बेअरिंग सुटेल, क्रँकवर ओरखडे पडतील आणि आज बांधण्याजोगा असलेला ब्लॉक कदाचित राहणार नाही.

‘कसंही करून इंजिन बदलायचंच आहे, मग ही तपासणी कशाला?’ असं म्हणाल. कारण काकांचा सगळा सल्ला एका गृहीतावर उभा आहे : हातात चांगला ब्लॉक आणि चांगला क्रँक आहे. तो नसेल तर ‘जुन्यातून बांधणं’ असं काही उरतच नाही, सगळं नवं विकत घेऊन जोडणं उरतं.

आता ‘आपल्या हातानं बांधणं’ म्हणजे काय, तेही जरा उघड करून बघू. बोअर मारणं, होनिंग करणं (बोअरची भिंत बारीक घासणं), ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग सपाट करणं, क्रँक ग्राइंड करणं, फिरणाऱ्या भागांचं बॅलन्सिंग करणं, हेडमधल्या व्हॉल्व्ह सीटा कापणं यांतलं एकही काम तुम्ही करणार नाही. मीही करत नाही. व्यवसाय म्हणून इंजिनं बांधणारे कित्येक जणही ही कामं मशीन शॉपकडेच देतात. आपल्या वाट्याला येतं ते निवडणं, मोजणं, धुणं आणि जुळवणं. ही चारही कामं मोठी आहेत, त्यांना कमी लेखू नका. पण ‘सगळं मी केलं’ ही शेखी कुणी मिरवत असेल तर ती अर्धीच खरी असते.

काकांचा निम्म्या पैशाचा हिशेब इथेच घसरतो. मनात जी यादी असते तिच्यात पिस्टन, रिंगा, बेअरिंगा, कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि फार तर हेड एवढंच असतं. यादीत नसतं ते मशीन शॉपचं बिल, तडे तपासण्याचा खर्च, गॅस्केटचा पूर्ण संच, नवे रॉडबोल्ट, टायमिंग चेन, ऑइल पंप, बॅलन्सर (क्रँकच्या पुढच्या टोकाचं, कंपनं शोषणारं चाक), मायक्रोमीटर आणि डायल बोअर गेज, इंजिन स्टँड, आणि शेवटी डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) जेटिंग, म्हणजे कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलचं प्रमाण, आणि ठिणगीचं टायमिंग लावून घेण्याचे पैसे. वर एखादा चुकीचा भाग आणला, बदलून घेतला, तेवढ्यात मशीन शॉपमधला नंबर गेला, हेही होतंच. पहिलं इंजिन बांधणाऱ्याला क्रेटइतकाच खर्च आला तर मी त्याला पैकीच्या पैकी गुण देईन. बांधणं स्वस्त पडतं ते दुसऱ्या-तिसऱ्या इंजिनाला, कारण तोवर हत्यारं घरात आलेली असतात आणि कोणता भाग कुठे चालतो ते डोक्यात बसलेलं असतं.

पैशाहून मला जास्त महत्त्वाची वाटते ती जबाबदारी. क्रेट इंजिन बिघडलं, तर बोलायला एकच दार असतं. वॉरंटीच्या अटींत बसत असेल तर भरपाई मिळते, बसत नसेल तर तसं स्पष्ट सांगितलं जातं. स्वतः बांधलेलं इंजिन पहिल्याच आठवड्यात खडखडायला लागलं, की मशीन शॉपवाला म्हणतो जोडणी चुकली, भाग विकणारा म्हणतो मशीनिंग चुकलं, ट्यूनिंगवाला म्हणतो दोन्ही चुकलं, आणि तुमच्याकडे स्वतःच्या नोंदींशिवाय दुसरा साक्षीदार नसतो. नोंदीच नसतील तर खटला तिथेच संपला. ‘हाताला कळतं’ म्हणत नोंदी न ठेवणारे कारागीर मी खूप पाहिले आहेत. त्यांतल्या काहींच्या हाताला खरंच कळतं, पण पहिल्यांदा इंजिन खोलणाऱ्याच्या हाताला ते कळणार नाही.

मोजणं म्हणजे किती, याचा थोडा अंदाज देतो, कारण काका यावर बोलले नसणार. बेअरिंग आणि क्रँक यांमधली फट साधारण जर्नलच्या (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) व्यासाचा हजारावा भाग असावी, हा सुरुवातीचा ठोकताळा. ३५० च्या मेन जर्नलचा व्यास सुमारे ६२ मिलिमीटर, म्हणजे फट ०.०६ मिलिमीटरच्या आसपास. रॉडचं (पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याचं) जर्नल ५३ मिलिमीटरचं, तिथे ०.०५ च्या आसपास. यात एक-दोन शतांश इकडेतिकडे झालं की एका बाजूला ऑइल प्रेशर जातं आणि दुसऱ्या बाजूला बेअरिंग धरतं. प्लास्टिगेजची मऊ पट्टी फटीत चेपून अंदाज येतो, पण ताकदीच्या इंजिनाला मायक्रोमीटरनं जर्नल आणि बोअर गेजनं बेअरिंग, कॅप पूर्ण आवळून, मोजायलाच हवं.

मग रिंगांच्या टोकांमधली फट. टर्बो नसलेल्या, रस्त्यावर आणि अधूनमधून ट्रॅकवर चालणाऱ्या इंजिनाला बोअरच्या दर इंचामागे चार ते साडेचार हजारांश इंच धरतात. तुमचा बोअर चार इंचांचा, म्हणजे ०.४० ते ०.४६ मिलिमीटर. रिंग बोअरमध्ये सरळ बसवायची, फीलर गेज घालून बघायचं, फट कमी असेल तर टोक घासायचं, पुन्हा बघायचं. हे प्रत्येक सिलिंडरच्या पहिल्या आणि दुसऱ्या रिंगेला, एकेक करून. कंटाळून सोडून दिलंत तर तापल्यावर रिंग फुगते, टोकं एकमेकांना भिडतात आणि पिस्टनची कडच तुटते. फट थोडी जास्त राहिली तर नुकसान किरकोळ, कमी राहिली तर इंजिन पुन्हा खोलावं लागतं. शंका आली की कुठल्या बाजूला चुकायचं ते यावरून ठरवा.

कॉम्प्रेशन रेशोकडे, म्हणजे पिस्टन खाली असतानाची जागा वर असतानाच्या जागेच्या किती पट आहे याकडे, तर नवे लोक फार बेफिकिरीनं बघतात. ३५० च्या एका सिलिंडरची क्षमता साधारण ७१७ सीसी. रेशो ९.५ हवा असेल तर पिस्टन वर असताना उरलेली जागा ८४ सीसी लागते, १०.५ करायचा असेल तर ७५. दोघांत फरक नऊ सीसीचा, दोन चहाचे चमचे भरतील इतका. पातळ गॅस्केट, थोडं मिलिंग केलेलं हेड, माथा सपाट असलेले पिस्टन, या तीन ‘किरकोळ’ गोष्टी एकत्र आल्या की हे नऊ सीसी कधी गेले ते कळत नाही, आणि मग पंपावरच्या पेट्रोलवर इंजिन नॉक करायला (पेट्रोल अवेळी पेटून ठोके द्यायला) लागतं. लोखंडी हेडवर साडेनऊच्या आसपास आणि अॅल्युमिनियमच्या हेडवर साडेदहाच्या आसपास थांबावं, हा सावध लोकांचा पायंडा आहे. हेडमधल्या ज्वलनाच्या पोकळीत ब्युरेटनं (मापाच्या काचनळीनं) द्रव सोडून सीसी मोजल्याशिवाय हेड आवळू नका. कॅम मोठा घेतला असेल तर पिस्टनच्या माथ्यावर प्लॅस्टिसिन लावून इंजिन हातानं फिरवा आणि उमटलेला ठसा कापून बघा. इनटेक व्हॉल्व्हला निदान दोन मिलिमीटर आणि एक्झॉस्टला अडीच मिलिमीटर जागा हवी.

मशीन शॉप निवडताना एक प्रश्न विचारा : होनिंग करताना टॉर्क प्लेट लावता का? हेडचे बोल्ट आवळले की सिलिंडरचा गोल किंचित वाकडा होतो. जाड प्लेट आवळून, तो वाकडेपणा आणूनच होनिंग केलं, तर हेड बसल्यावर बोअर गोल राहतो. ‘त्याची काही गरज नसते हो’ असं उत्तर आलं तर दुसरं दुकान बघा. बॅलन्सिंगला देताना बॅलन्सर, फ्लायव्हील (क्रँकच्या मागचं जड चाक) आणि क्लचची प्रेशर प्लेटही सोबत द्या.

आणि धुणं. मशीनिंगहून आलेला ब्लॉक चकचकीत दिसतो, पण ऑइलच्या वाटांमध्ये लोखंडाचा बारीक कीस दडलेला असतो. या वाटांची तोंडं बंद करणारे प्लग काढून, लांब ब्रशनं, साबणाच्या गरम पाण्यानं धुवा. बोअर पांढऱ्या फडक्यानं पुसा आणि फडकं पांढरंच राहीपर्यंत पुसत राहा. मग लगेच ऑइल लावा, नाहीतर ताज्या लोखंडावर गंज धरायला वेळ लागत नाही. या कामाचं कौतुक कुणी करत नाही, फोटोही कुणी काढत नाही, पण माझ्या मते नव्या बेअरिंगांचा सर्वांत मोठा शत्रू हा कीसच.

फ्लॅट टॅपेटचा कॅम (ज्याच्या उंचवट्यांवर, म्हणजे लोबवर, टॅपेट थेट घासतात) घेतला असेल तर पहिला सेल मारण्याची वेळही निर्णायक असते. आधी ड्रिलनं ऑइल पंप फिरवून प्रत्येक रॉकरपर्यंत ऑइल पोचलेलं डोळ्यांनी बघायचं. इंजिन सुरू झालं की आयडलवर सोडायचं नाही, लगेच दोन ते अडीच हजार आरपीएमवर न्यायचं आणि वीसेक मिनिटं तिथेच, थोडं वर-खाली करत ठेवायचं. ऑइलमध्ये झेडडीडीपीचं, म्हणजे झीज रोखणाऱ्या जस्ताच्या संयुगाचं प्रमाण चांगलं हवं. टायमिंग चुकलं म्हणून इंजिन सुरूच झालं नाही आणि तुम्ही सेल मारत बसलात, तर कॅमच्या लोबवर जोडताना लावलेलं वंगण पुसलं जातं आणि नवा कॅम गाडी हलण्याआधीच बाद होतो. रोलर कॅमला, जिथे टॅपेटच्या टोकाला चाक असतं, हा सोपस्कार लागत नाही. पहिल्या इंजिनाला रोलरच घ्या, महाग पडला तरी.

एवढं वाचून मी मित्राच्या बाजूनं झालो असं वाटत असेल, तर आता त्याची पाळी. ‘आण, बसव आणि मोकळा हो’ यातलं ‘मोकळा हो’ जरा घाईचं आहे.

क्रेट इंजिन म्हणजे कारखान्यातून जोडून, खोक्यात भरून आलेलं इंजिन. पण कुठपर्यंत जोडलेलं, हे प्रत्येक भाग-क्रमांकागणिक बदलतं. कशाला इनटेक आणि कार्ब्युरेटरही असतो, कशाला नुसतं हेडपर्यंतचं काम असतं. स्टार्टर, अल्टरनेटर, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, क्लच हे बहुतेक वेळा तुमचं तुम्हालाच बघावं लागतं. खोक्यात काय आहे याची यादी वाचा, आणि काय नाही याची यादी स्वतः लिहून काढा. दुसरी यादी लांब निघते.

शिवाय मित्राच्या डोक्यात कोणतं इंजिन आहे? शेव्हरलेचंच नव्या घराण्यातलं एलएस३ असेल, तर मोह मी समजू शकतो. ६.२ लिटर, अॅल्युमिनियमचा ब्लॉक, ४३० हॉर्सपॉवर, २००८ च्या कॉर्व्हेटमधून आलेलं. पण ते इंजेक्शनवर चालतं. तुमच्या कार्ब्युरेटरला पाच-सात पीएसआय प्रेशर पुरतं, त्याला ५८ च्या आसपास लागतं. म्हणजे टाकीपासून नवा पंप, नवी लाइन, रेग्युलेटर, ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) आणि वायरिंग हार्नेस. इंजिन माउंट वेगळे, ऑइल चेंबरचा आकार वेगळा, तो तुमच्या गाडीच्या क्रॉसमेंबरला (सांगाड्याच्या आडव्या पट्टीला) अडण्याची शक्यता, एक्झॉस्टचे हेडर वेगळे. इंजिन दोन दिवसांत खाली बसेल, गाडी रस्त्यावर यायला हंगाम जाईल. होंडाचं दोन लिटरचं टर्बो के२०सी१ किंवा डॉजच्या हेलकॅटचं ७०७ हॉर्सपॉवरचं सुपरचार्ज्ड व्ही-८ अशी इंजिनंही खोक्यात मिळू लागली. वाचायला झकास आहेत, तुमच्या गाडीला त्यांचा उपयोग नाही.

तुम्हाला हवं ते जुन्या घराण्यातलंच इंजिन. शेव्हरलेचा स्मॉल ब्लॉक १९५५ साली २६५ घनइंचांवर सुरू झाला आणि ३५० आला १९६७ साली. बाहेरची मापं इतकी टिकून राहिली की माउंट आणि बेलहाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं कवच) तुमच्या गाडीत सरळ बसतील. एका जागी मात्र फसाल. १९८६ पासून या इंजिनाचं मागचं मेन सील दोन तुकड्यांऐवजी एकसंध झालं, क्रँकच्या मागच्या तोंडावरचं बोल्टांचं वर्तुळ बदललं आणि बॅलन्सिंगचं थोडं वजन फ्लायव्हीलवर गेलं. तुमचं आत्ताचं इंजिन त्याआधीचं असेल, तर त्याचं फ्लायव्हील नव्या क्रँकवर बसणार नाही. म्हणून इंजिन मागवतानाच त्याला जुळणारं फ्लायव्हील मागवा, नाहीतर क्रेनला लटकलेल्या इंजिनाखाली उभं राहून शोधाशोध कराल. मेकॅनिकल फ्युएल पंप लावायची जागा ब्लॉकवर दिलेली आहे का, तेही त्याच वेळी विचारून घ्या.

४०० चा आकडाही नीट वाचायला शिका. कॅटलॉगमधली ताकद इंजिन डायनोवर, फ्लायव्हीलपाशी मोजलेली असते. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलमध्ये पंधराएक टक्के जातात, चाकांपाशी ३४० च्या आसपास उरतील. वाईट वाटून घेऊ नका. सत्तरच्या दशकाच्या मध्यात कारखान्यातून निघालेल्या कित्येक ३५० ना कागदावरही २०० नव्हते. तुमची गाडी ओळखू येणार नाही इतकी बदलेल, आणि तिथेच पुढचा खर्च आहे. ४०० हॉर्सपॉवर पूर्ण थ्रॉटलवर तासाला साधारण १२० लिटरच्या वेगानं पेट्रोल ओढते. अरुंद जुनी लाइन आणि थकलेला पंप ते देऊ शकले नाहीत तर मिश्रण पातळ होऊन पिस्टन जळतो. क्लच, रेडिएटर, ब्रेक यांचंही तेच. इंजिनासाठी ठेवलेल्या रकमेचा निदान एक तृतीयांश या गोष्टींसाठी आधीच बाजूला काढा. उरलेल्या रकमेत जे इंजिन येतं, तेच तुमचं इंजिन.

वॉरंटीचा कागद वाचताना ‘स्पर्धा’ हा शब्द शोधा. ट्रॅकवरचा वापर बहुतेक ठिकाणी वगळलेला असतो. तुमच्या भागात इंजिन बदलाची नोंद आणि धुराचे नियम काय आहेत, तेही पैसे भरण्याआधी विचारा. नव्या इंजिनाला नवा क्रमांक असतो.

काकांच्या कौतुकाच्या मुद्द्यावर थोडं. सर्कल ट्रॅकच्या, म्हणजे लंबगोल मैदानावरच्या, शर्यतींत कित्येक वर्ग असे आहेत जिथे प्रत्येकाला कारखान्याचंच सीलबंद क्रेट इंजिन लावावं लागतं. जीएमची (शेव्हरलेची मूळ कंपनी) ६०२ आणि ६०४ ही त्यांतली प्रसिद्ध जोडी, नावं भाग-क्रमांकाच्या शेवटच्या तीन आकड्यांवरून पडलेली. दोन्ही ३५० घनइंचीच, पहिलं ३५० हॉर्सपॉवरचं, दुसरं अॅल्युमिनियमच्या हेडचं, ४०० चं. सील तोडलं की बाद. हा नियम आला तो इंजिनावर पैसा ओतण्याची चढाओढ थांबावी म्हणून. तिथे सगळ्यांच्या बॉनेटखाली विकतचंच इंजिन असतं, आणि तरी कुणीतरी पहिला येतो, कुणीतरी शेवटचा. काकांना हे सांगून बघा. ते मानणार नाहीत, पण विषय बदलतील.

मधला एक रस्ता आहे तोही सांगतो : शॉर्ट ब्लॉक. क्रँक, रॉड, पिस्टन बसवलेला खालचा भाग तयार घ्यायचा, आणि हेड, कॅम, इनटेक आपण बसवायचं. चुकीची सर्वांत महाग जागा दुसऱ्याच्या हातात जाते आणि वरचं काम तुम्हाला थोडंफार येतंच. पण कॅम, हेड आणि कॉम्प्रेशन जुळवण्याचं गणित तुमच्याच गळ्यात राहतं. हंगामाची घाई नसती तर मी तुम्हाला हेच सुचवलं असतं.

घाई आहे, म्हणून माझं उत्तर : तपासणीत निव्वळ व्हॉल्व्ह सील निघाले आणि ऑइल प्रेशर ठीक असेल, तर सील बदला आणि हा हंगाम याच इंजिनावर काढा. ताकदीचं पुढच्या वर्षी बघू. बेअरिंग किंवा रिंगा गेल्या असतील, तर जुन्या घराण्यातलं, रोलर कॅमचं, कार्ब्युरेटरवर चालणारं सुमारे ४०० हॉर्सपॉवरचं क्रेट इंजिन घ्या, आणि बसवण्याचं काम स्वतः करा. त्यात शिकण्यासारखं भरपूर आहे. पहिलंच इंजिन, तेही तारखेच्या धाकाखाली बांधणं, हे मी कुणालाच सांगणार नाही. घाईत माणूस मोजणं टाळतो, आणि स्वतः बांधण्यातला सगळा अर्थ त्या मोजण्यातच असतो. काम अर्धवट सोडून सुट्या भागांची खोकी विकायला काढणारे लोकही बहुतेक वेळा वेळेपायीच हरलेले असतात.

तुमचं इंजिन गाडीचं मूळचं असतं, किंवा तुम्ही अशा वर्गात शर्यत लावत असता जिथे इंजिनाच्या क्षमतेवर बंधन आहे, किंवा गाडी अशी असती की तिचं तयार इंजिन कुणी विकतच नाही, तर मी उलट सांगितलं असतं : थांबा, गाडी झाकून ठेवा आणि बांधाच.

जुन्या इंजिनाचं म्हणाल तर ते विकू नका. रीमॅन्युफॅक्चर्ड, म्हणजे कारखान्यात पुन्हा बांधलेलं, इंजिन घेत असाल तर विक्रेता जुनं जमा करायला सांगेल, न दिल्याबद्दल तो ठेव कापणार असेल तर कापू द्या. ते स्टँडवर चढवा आणि कसलीही तारीख न ठरवता खोला. ब्लॉकला तडा नसेल आणि बोअर तीस हजारांश इंच वाढवण्याइतकी भिंत शिल्लक असेल, तर त्यातून ३८३ होतं : ४.०३० इंचांचा बोअर आणि ३.७५ इंचांचा स्ट्रोक (पिस्टनचा वर-खाली प्रवास), सुमारे ६.३ लिटर. पहिल्या बांधणीसाठी याहून मळलेली वाट मला माहीत नाही, भाग सहज मिळतात आणि अडलात तर विचारायला माणसंही मिळतात.

खोलताना मेन कॅप आणि रॉड कॅप कोणत्या जागेचे आणि कोणत्या दिशेनं बसलेले होते, ते आधी खुणा करून ठेवा. ते एकमेकांशी बदलून चालत नाहीत. टॅपेट आणि पुशरॉड काढाल त्याच क्रमानं पुठ्ठ्यात खोचा. बेअरिंगांची प्रत्येक जोडी क्रमांक घालून जपा, झिजलेल्या बेअरिंगा इंजिनाचा इतिहास सांगतात. सगळं सुटं झालं की बोअर आणि जर्नलना जाड ऑइल लावा, ब्लॉक प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा, क्रँक आडवा टेकवून न ठेवता उभा ठेवा, आणि मायक्रोमीटर विकत घ्या. मशीन शॉपची वेळ घेण्याआधी तुमची सगळी मापं वहीत उतरलेली हवीत.